चार बोटं वर

२० नोव्हेंबर
वहीबाई, फार दिवसांनी लिहितोय, माफ कर. भात घरात येईपर्यंत तुला हात लावला नाही. आज दुसऱ्या कोणाशी बोलवत नाही.

भात न होणाऱ्या वरकस उतारावरचं मारवेल गवत गेलं! दोन पावसाळे जपलेलं. पाणलोटाच्या कामावरच्या शेखरनं लावायला मुळांसकट ठोंबं दिली तेव्हाच बजावलं होतं — "बाबा, हे भात नाय. एकदा लावलं का दरसाल फुटतं. फक्त कापताना चार बोटं वर कापा."

मी काल मुरबाडच्या बाजाराला गेलो. मागे बायकोनं, जनाबाईनं, सगळा उतार भातासारखा मातीलगत कापला. भारे दाखवून हसली, "बघा, एक काडी नाय सोडली!"

मी नको ते बोललो. शेजारी ऐकत होते.

२२ नोव्हेंबर
ती लेकीकडे मुरबाडला गेली. जाताना म्हणाली, "जन्मभर कापते. तवा नाय कोनी शिकवाया आला."

२५ नोव्हेंबर
खालच्या अंगाची ठोंबं उपटून पाहिली. मुळं जिती की मेली, कळेना. परत दाबली. पाणी घातलं.

२९ नोव्हेंबर
पुन्हा उपटून पाहिली. वाळतायत. पेंढा होळीपर्यंत पुरेल. पुढे गाईला काय घालू? गायही दारातून गेली तर... नको, लिहीत नाही.

४ डिसेंबर
रोज पाहतो. रोज जास्तच वाळलेलं. त्यात रानातलं भेकर चरायला येतंय! वरच्या अंगाला लेंड्या आहेत म्हणे. गुडघ्यामुळे मला तिकडे चढवत नाही. मुरबाडला जीप नेणाऱ्या धाऊला सांगितलं तर म्हणतो, "भेकराला सांगा ना बाबा, चार बोटं वर खा!" सगळी जीप हसली.

जनाबाई फोन उचलत नाही.

९ डिसेंबर
शेखर आला. वर जाऊन आला. "खोल कापलंय, दमलंय. पन जितं हाय. मेलेलं खायला भेकर कशाला येल?"

मग खालच्या अंगाला थबकला. "हे कोनी उपटलं?"

मी गाईकडे बघत राहिलो.

१० डिसेंबर
काठी घेऊन, बसत उठत वर गेलो. खरंच, बोटभर हिरवं! तिनं कापलेलं सगळं फुटलंय. मेलं ते फक्त माझ्या हातचं.

धाऊकडे निरोप दिला — मारवेल फुटलं, चूक माझी. त्यानं विचारलं, "आनि घरी या, असं नाय सांगायचं?" "जा, जीप भरली," म्हणून त्याला वाटेला लावलं. जे सांगितलं नाही ते इथे लिहितो.

ये गो जने. नसलीस येणार, तर तसं तरी लवकर कळव.