आधी ऊन, मग विसण

आई, शहापूरच्या नव्या घरात आज शॉवर लागला! साधासुधा नाही, मिक्सरचा. एका चावीतून गरम, दुसरीतून थंड, आणि अंगावर येतं ते कोमट. सकाळपासून मी प्लंबरच्या मागेमागे इतका नाचलो की तुझी सून म्हणाली, "स्वतःच्या वरातीत तरी एवढे नाचला होतात का?" गिझरचा पाइप डाव्या हाताला, टाकीचा उजव्या. प्लंबरने आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, वायसर बसवले, नट आधी बोटांनी फिरवले आणि मग पान्ह्याने आवळले. टाकीचा कॉक सोडल्यावर मी श्वास रोखून प्रत्येक सांध्याखाली हात फिरवला. थेंबही नाही! हा सगळा खटाटोप बाबांसाठी. त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत. मागे एकदा बादलीतून तांब्या भरताना पडले, तेव्हापासून आंघोळीलाच घाबरतात, ओल्या फडक्याने अंग पुसून घेतात. उभ्याने न्हाता आलं तर माणूस पुन्हा ताजातवाना होईल, एवढीच माझी आशा.

बाबांना मानाने बोलावलं. त्यांनी हात पुढे केला, मी चाव्या फिरवल्या. पाइपात साचलेलं गार पाणी आधी आलं, मागून ऊन पाणी येऊ लागलं. बाबांनी विंचू चावल्यासारखा हात झटकला. "थंडावर ऊन येतंय. ही मयताची आंघोल हाय रे. मी आजून जिता हाय." टॉवेल खांद्यावर टाकून ते पडवीत जाऊन बसले. प्लंबर हसला. मला हसू आलं नाही, कारण मला मुरबाडकडची आपली न्हाणी दिसत होती. मी शाळकरी, घाईत, बादलीत आधी गार पाणी घेऊन त्यात चुलीवरचं कढत ओततो आहे. तू धावत येतेस आणि भरली बादली केळीच्या बुंध्याशी पालथी करतेस. विहिरीवरून डोक्यावर आणलेलं पाणी, ज्याचा थेंब तू वाया घालवत नव्हतीस! "आदी ऊन, मंग विसण. थंडात ऊन नाय वतायचा रे, तसा मेल्या माणसाला न्हानतात." बाबांच्या कढत बादलीत गार पाण्याचं विसण रोज तूच घालायचीस, तान्ह्या पोरासाठी बघावं तसं कोपर बुडवून बघायचीस. तू गेलीस त्या दिवशी बायकांनी आधी गार पाणी घेतलं, वर ऊन ओतलं. बाबा दारात उभं राहून बघत होते.

मग एकदम सुचलं! मिक्सरला खाली तोटी आहेच की. तिच्याखाली बादली लावली आणि नुसती गरम चावी सोडली. साचलेलं गार पाणी बादलीत गेलं, वाफ दिसली. बादली बाजूला केली आणि बाबांना हाताला धरून आणलं. त्यांनी बोटं पुढे केली, चटकन मागे घेतली.

"ऊन हाय."

मी थंड चावी जराशी सोडली. "हे विसण, बाबा."

"आजून थोडा घाल... बस."

पाणी वर शॉवरकडे वळवलं आणि बाबा खाली शिरले! मी दार लोटून बाहेर उभा. आधी नुसता पाण्याचा आवाज. मग "आहाहा". मग हाक, "पाठ चोळायला ये रे!" पाठ चोळताना ते हळूच म्हणाले, "तुजी आय असती तं तिलापन उभ्यानं न्हायला गावला असता. जलम गेला तिचा वाकण्यात." मला भरून आलं, पण शॉवरखाली कुणाचं काय ओलं झालं ते कळत नाही.

तुझ्यापर्यंत टपाल जात नाही, म्हणून हा कागद घडी करून ठेवीन. आणि एक सांगू? तुझ्या त्या नियमाला मी कॉलेजपासून अडाणीपणा म्हणत आलो. पण संध्याकाळी माझी पाळी आली तेव्हा, कोणी बघत नसताना, मीही आधी तोटीखाली बादली लावली आणि ऊन पाणी येईपर्यंत थांबलो. बादलीतलं गार पाणी गावाहून आणून लावलेल्या केळीला घातलं.