उडी मार, म्हाताऱ्या

सोमवार, १० फेब्रुवारी

मिंदा, इतक्या उशिरा लिहायला बसलो म्हणून रागावू नकोस. तू वही दिलीस तेव्हा रोज लिहीन असं कबूल केलं होतं, आणि लोस बान्योसला येऊन आठवडा झाला तरी पान कोरंच. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, पेन धरला की बोटं आखडतात. शिवाय चष्मा सापडत नव्हता. तो उशीच्या अभ्र्यात निघाला.

घर छान आहे. खिडकीतून माकिलिंगचा डोंगर दिसतो. माझी खोली परसाच्या बाजूला, दार उघडलं की जांभळाचं झाड आणि त्याच्या बुंध्याशी एक वारूळ, माझ्या कमरेएवढं. आल्या आल्या टोपी काढून ‘ताबि-ताबि पो’ म्हणून घेतलं. बाजूला व्हा मायबाप, नवा माणूस आहे, चुकून पाय लागेल. तुझी आई साधं पाणी फेकतानासुद्धा हे म्हणायची. वारुळात न दिसणारा म्हातारा राहतो, पाय लागला की दुखणं लावतो, असं ती सांगायची. आत कोणी नसेल तर आपलं काय जातं, आणि असेल तर निदान सांगून गेलो.

काम सोपं आहे. झाडलोट करायची, भात टाकायचा, फाटक उघडायचं. मालक रुएल, आणि त्याच्या जोडीला तिशा नावाची मुलगी, ती चित्रं काढते आणि आवाज भरते. दोघं मिळून कॉम्प्युटरवर आणि फोनवर खेळायचा खेळ बनवतात. मला वाटलं होतं बूट घातलेली माणसं असतील. हे अनवाणी बसतात, डब्यातूनच जेवतात आणि दिवसभर एकमेकांना शिव्या घालतात. मला लोलो म्हणतात, सख्ख्या आजोबाला म्हणावं तसं.

तिशाने पानाचा फोटो काढून तुला पाठवायला शिकवलं. दर रविवारी पाठवीन. कारखान्यात जपून राहा. तायवानात थंडी असेल, कान झाक.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज मजा झाली. पायरीवर शेवाळ होतं, घसरलो आणि ‘अरुय!’ म्हणून ओरडलो. तिशा धावत आली ती मला उचलायला नाही, लोलो तसंच पुन्हा ओरडा म्हणायला.

त्यांच्या खेळात एक म्हातारा आहे. डोक्यावर बदकाच्या अंड्यांची टोपली, गुडघे लटपटते, चड्डी सैल. त्याला देवळाच्या जत्रेपर्यंत पोचायचंय. वारुळांवरून, कपड्यांच्या दोऱ्यांवरून, झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवरून उड्या मारत जायचं. केसभर चुकलं की अंडी फुटली, आणि पुन्हा पहिल्या वारुळापासून. रुएल म्हणाला, शंभरातले नव्वद लोक रडत घरी गेले पाहिजेत. मी म्हटलं, मग खेळतील कशाला? तर म्हणे म्हातारा पडतो इतका मजेशीर की माणूस पुन्हा खेळतोच.

सगळं तयार होतं, म्हाताऱ्याचा आवाज तेवढा राहिला होता. आयुष्यभर रस्त्यावर अंडी विकून कमावलेला माझा आवाज त्यांना आवडला. पडल्यावर ‘अरुय!’, आणि मग खेळणाऱ्याला शिव्या. ‘डोळे काय गहाण टाकलेस?’ ‘पाय तुझे की उसने?’ त्या मीच सुचवल्या, तिशा पोट धरून हसली. उडीआधी ‘ताबि-ताबि पो’ म्हणायचं, हेही मीच घालायला लावलं. कारण खेळातलं वारूळ म्हणजे आपल्या परसातलंच. रुएलने सगळ्या बाजूंनी फोटो घेतले होते, वर पाय देऊन उंचीसुद्धा मोजली होती. पाय देताना ‘ताबि-ताबि पो’ म्हणाला होतास का, मी त्याला विचारलं. तो नुसता हसला.

रविवार, १६ फेब्रुवारी

शुक्रवारी खेळ बाजारात आला. लोक खेळतात आणि खाली आपलं मत लिहितात, अंगठा वर किंवा अंगठा खाली. आज तिशाने वाचून दाखवली.

‘ज्याने हा खेळ केला त्याच्या घरचा संडास तुंबो.’

‘अंडी फुटली, फोन फुटला, आता माझंच डोकं फुटायचं राहिलंय.’

‘कसला पडतो हा थेरडा! आमचं आख्खं घर हसतंय.’

एकाने लिहिलंय, ‘मुद्दाम पडायचं आणि शिव्या खायच्या. घरी गेल्यासारखं वाटतं.’ यावर दोघं फार हसली. मला मात्र ते बरं वाटलं.

पण मग दुसरी. ‘दर उडीला हा माफी कोणाची मागतो? मातीची?’ ‘बडबड्या म्हातारा. कंटाळा.’ ‘किती हळू आहेस. इतकं काय बडबडतोस, उडी मार, म्हाताऱ्या.’ अशी पुष्कळ होती. तिशा मधली मधली गाळत होती, पण मला कळलं. जेवण गेलं नाही. ओळख ना पाळख, मी यांचं काय खाल्लंय?

बुधवार, १९ फेब्रुवारी

खाली अंगठे वाढलेत.  आज रुएल मला समोर बसवून म्हणाला की लोकांना म्हातारा आवडतो, फक्त ते माफीचं पालुपद नको. ते काढलं तर तुमच्यावर जीव टाकतील, लोलो. नाहीतर हे घर बंद करून प्रत्येकाने आपापल्या गावाला जायचं.

मी म्हटलं, वारूळ आहे तिथे म्हणावंच लागतं. तिशा हळूच म्हणाली की ते चित्रातलं आहे. मी म्हटलं, चित्र कशाचं आहे?

पण खरं सांगतो मिंदा, ती मतं मला टोचत होती. कंटाळा म्हणे. माझ्या आवाजाचा. रागाच्या भरात मीच म्हणालो, काढा, काढून टाका एकदाचं. तिशाने माझ्यादेखत एक बटण दाबलं. झालं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

अंगठे वर वळले. रुएलने शेजारच्या आलिंग पुरिंगकडून तळलेली केळी आणवली, स्वतःच्या हाताने मला वाढली. नवी मतं आली आहेत. ‘आता कसा पळतो बघा, टाप टाप टाप.’ ‘सुटलो रे त्याच्या माफीतून.’

तांदूळ निवडत बसलो होतो तेव्हा उजवा पाय आपोआप वर उडाला. सूप उलटं झालं. गुडघ्याला ठणका आहे. शेवाळावर पडलो त्याचाच असेल.

या आठवड्याची पानं तुला पाठवत नाही. उगाच काळजी करशील.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पाऊल सुजलंय, वहाण चढत नाही. अंगावर निळे डाग आहेत, कोपरावर, कुल्ल्यावर, कपाळाच्या कडेला. मी पडलो नाहीये. डॉक्टर म्हणाला वय झालं, सुके मासे कमी खा. वयाने डाग पडतात का?

आलिंग पुरिंगने पाय बघितला आणि माझं नाव घेऊन एकच विचारलं, कोणाच्या डोक्यावर पाय दिलास, मांग तेर्यो? मी दिला नाही, मी म्हटलं. मग कोणीतरी तुझ्या नावाने देतंय, ती म्हणाली, आणि फाटकाच्या आत आली नाही.

जगभर लोक उड्या मारताहेत, मिंदा. त्या वारुळावर. माझ्या आवाजाने. आणि कोणी सांगून जात नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

रुएलला विनवलं, ते शब्द परत घाल. आधी समजावत होता. मग म्हणाला, लोकांना काय हवं ते लोकांनी लिहिलंय, तुमच्या गुडघ्यासाठी मी खेळ बुडवू का? म्हणाला, खोली फुकट आहे हे विसरू नका. या पोराला मी काल ताप होता तेव्हा पेज करून पाजली होती.

मी वारुळापाशी जाऊन बसलो. ठरवलं की त्यांच्या वतीने मीच म्हणत राहतो. जेवढ्या उड्या, तेवढ्या वेळा. घसा बसेपर्यंत म्हटलं. ठणका कमी झाला, शपथेवर सांगतो, कमी झाला. म्हणून उठलो नाही. ऊन डोक्यावर आलं तरी उठलो नाही.

शनिवार, १ मार्च

दोघं मनिलाला गेली. खेळांचं प्रदर्शन आहे, तिकडे आमच्या म्हाताऱ्याचा मोठा पुतळा लावणार आहेत म्हणे. पुढच्या रविवारी परत येतील. तिशा निघताना कानात म्हणाली की आल्यावर ते शब्द गुपचूप घालते. तोवर दम धरा, लोलो.

वारुळापाशी गेलो. तोंड उघडलं. ते शब्द आले नाहीत.

दुसरं सगळं बोलता येतं. भात, पाणी, मिंदा, सगळं. तेवढेच शब्द येत नाहीत. जीभ तिथवर जाते आणि पायरी नसल्यासारखी खाली पडते. बटण दाबून काढले होते ते असेच निघाले असतील.

लिहिता येतात. ताबि-ताबि पो. बघ, लिहिता येतात. कागदावर लिहून वारुळाशी ठेवून आलो.

रविवार, २ मार्च

भर दुपारी परसातून कोणीतरी ‘अरुय!’ ओरडलं. माझाच आवाज. मी खोलीत होतो, तोंड मिटलेलं.

बाहेर गेलो. वारूळ जांभळापाशी नाही. जांभळापासून माझ्या दाराच्या अर्ध्या वाटेवर आहे. माती ओली, ताजी. कागद वर चिकटलेला, त्याला मुंग्या.

खाली वाकून कान दिला. आत माझा आवाज बोलत होता. हळू, लाडाने, जसा मी तुला लहानपणी निजवायचो.

“किती हळू आहेस. इतकं काय बडबडतोस.”

मंगळवार, ४ मार्च

दुसरं वारूळ — उंबऱ्याला लागून. तिसरं खाटेखाली, अजून लहान आहे.

फाटकापर्यंत जायचं तर ओलांडावं लागेल. न सांगता कसं ओलांडू? आणि सांगता येत नाही. आलिंग पुरिंगला हाक मारली. तोंडातून निघालं, ‘पाय तुझे की उसने?’ ती छातीवर क्रूसाची खूण करत निघून गेली.

आता माझ्याकडे खेळातलेच शब्द उरलेत.

गुरुवार, ६ मार्च

तुला आवाजाचा निरोप पाठवायला गेलो. म्हणायचं होतं, मिंदा, वाचव. निघालं — ‘अरुय!’ मग — ‘डोळे काय गहाण टाकलेस?’ आणि माझं बोट — निरोप गेला.

तुझं उत्तर आलं. तू हसतेस. खोलीतल्या मुलीही हसताहेत. म्हणतेस, बाबा, अगदी हुबेहूब, तुमची पानं यायच्या आधीच मी ओळखलं होतं, तो आवाज तुमचा आहे. ते मुद्दाम पडायचं मत मीच लिहिलं होतं. इथे शिफ्टवर जाताना फोन कपाटात ठेवावा लागतो, पण उद्या संध्याकाळी सुटले की पहिलं काम तेच, खेळात तुम्हाला भेटायचं. भरपूर पडा हं.

पोरी —

शुक्रवार, ७ मार्च

सगळ्या पानांचे फोटो पाठवले. निरोपाखाली एकच बरोबरची खूण आली. दुसरी नाही. फोन कपाटात असेल.

मिंदा, फोन हातात आला की आधी पानं उघड. खेळ नको. पडायचं तर नाहीच नाही. तुझ्याच हाताने —

खोलीत सगळीकडे आहेत. मी खाटेवर उभा आहे. खाट आता खाट नाही, खालून माती वर आलीये. पुढचं वारूळ टेबलापाशी, त्याच्यापुढचं दाराशी, त्याच्यापुढे परसात रांग, डोंगरापर्यंत. एकेका उडीवर.

सगळी एकदम बोलतात. माझ्याच आवाजात. उडी मार, म्हाताऱ्या.

ऊन उतरलं. किती वाजले कळत नाही. तुमच्याकडे आणि आमच्याकडे घड्याळ एकच, तू म्हणाली होतीस.

ताबि-ताबि पो. ताबि-ताबि पो. माझी मुलगी आहे, तिला माहीत नाही. ताबि-ताबि पो.

पाय वर चाललाय. मी उचलत नाहीये. सुटलीस का गं? आधी पानं वाच, मग लवकर कळव, एवढंच कळव की खेळत नाहीस, लवकर कळव, ताबि-ता