वर्गात सांगितलेलं वाक्य

बाबा,

सकाळपासून तीनदा आईच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. तिला एक गोष्ट सांगायची आहे. आधी तुम्हाला लिहून बघते.

केशोरीच्या शाळेत तुम्ही रोज फळ्यावर एक इंग्रजी क्रियापद लिहायचात. अर्थ, वापर, ते कुठून आलं ते. मग प्रत्येकाने एक वाक्य करायचं, आणि ते आपल्या घरातलं, खरं हवं. पुस्तकातलं आणलं की तुम्ही खडू खाली ठेवायचात. त्या दिवशी ‘वरी’ (worry) होतं. मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, “सर, आमचा कुत्रा शेजारच्या शेळीले वरी करते.” वर्ग खिदळला. तुम्ही मात्र खूश. “हासता कायले? हाच तर जुना अर्थ आहे!” आणि सांगत सुटलात. आधी हा शब्द म्हणजे नुसता गळा दाबणं. मग कुत्र्याने मेंढीची मान धरून हिसडे देणं. मग कुणाच्या तरी मागे लागून त्याला छळणं. काळजी हा अर्थ फार उशिरा आला, माणूस स्वतःचीच मान धरायला लागला तेव्हा.

माझी पाळी येते. सातवीतली मी उभी राहते आणि इंग्रजीत म्हणते, बाबा खोकतात, दवाखान्यात जात नाहीत, म्हणून आई वरी करते. तुम्ही फळा पुसता. वाक्य बरोबर की चूक, सांगत नाही. घरी आल्यावर चुलीपाशी म्हणालात, “घरचं वर्गात कायले सांगून राहिली? माह्या खोकल्याचं गावाले काय करायचं आहे?”

“खरंच तर बोलली पोरगी,” आई म्हणाली.

“तू चूप राय.”

चूप मी राहिले, बाबा. पुढच्या हिवाळ्यात, धानाची मळणी चालू होती, तुमचे कपडे धुताना रुमालावर रक्त दिसलं. मी तो वेगळा धुतला आणि आईला दिसू नये म्हणून न्हाणीतल्या दोरीवर वाळत घातला. असे चार-पाच रुमाल. तिला कळलं तेव्हा गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. तुम्ही गेल्यावर, तुम्ही लपवलंत असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. तुम्ही रुमाल तर धुण्यात टाकत होतात. लपवत मी होते.

आई आता फुलचूरला माझ्याकडेच असते. कान मंदावलेत, राग नाही. हे पत्र कुठे जाणार नाही. वाचून दाखवायचं तर तिलाच. आत्ताही शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, “तुह्या बाबानं मले कळूच देल्लं नाही.”

मी नेहमीसारखी “हो ना” म्हणाले.