वाजवी कारण

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. आणि आजपासून चाकू. दोन्ही एकाच दुकानातून घेतले.

कारण लिहून ठेवतो. सासऱ्यांच्या दुकानात (पडद्यांचं दुकान. मी मॅनेजर. सासरे गिऱ्हाइकांना 'आमचे जावई, मदतीला असतात' असं सांगतात) एकच कात्री आहे आणि ती सासऱ्यांच्या टेबलाला सुतळीने बांधलेली आहे. साधी पार्सलची दोरी कापायची तरी अख्खं पार्सल त्यांच्यापुढे न्यावं लागतं. आज ते फोनवर होते. मी पार्सल छातीशी धरून उभा. एका बाईंनी विचारलं, काका, कुणाची वाट बघताय?

पुरे झालं.

घडीचा चाकू. काळी मूठ, पातं बोटाएवढं. उघडलं की खटका बसतो. खट्ट! त्या आवाजात काहीतरी आहे. व्हिडिओत याला एव्हरीडे कॅरी म्हणतात, म्हणजे रोज खिशात हवीच अशी वस्तू. जगात दोनच प्रकारचे लोक असतात, तयार आणि बेसावध. मी आज दुपारी साडेतीनला पहिल्या गटात गेलो.

४ मार्च, मंगळवार
बायकोला चाकू दाखवला. कशाला, म्हणाली. मी म्हणालो, प्रसंगाला. कुठल्या प्रसंगाला? प्रसंग सांगून येत नाहीत, असं मी सांगितलं. ती नर्स आहे, रात्रपाळी करून आली होती. चपला काढता काढता झोपली. विषय तिथेच राहिला.

७ मार्च, शुक्रवार
चाकूचा पहिला प्रत्यक्ष उपयोग. पार्सल माझं मी, जागेवर, कुणालाही न विचारता उघडलं. एका झटक्यात. आतला पडदाही उघडला. मधोमध.

निळा, अस्तरवाला, मापाने शिवून आलेला. सासऱ्यांनी तो उचलून उभा धरला. पडद्याच्या फटीतून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, जावईबापू, कात्री मागितली असती तर मी नाही म्हटलं असतं का?

हे त्यांचं नेहमीचं. ओरडत नाहीत. ओरडले असते तर मी केव्हाच घर सोडलं असतं.

९ मार्च, रविवार
माझा जुना धंदा बसला तेव्हा आम्ही 'दोन महिन्यांसाठी' इथे राहायला आलो. बायकोची लहानपणीची खोली. कपाटावर अजून कार्टूनच्या बदकांचे स्टिकर आहेत. ते खरवडून काढायला चाकू उत्तम, पण सासरे म्हणतात, राहू देत, तिच्या आईने लावलेत. आई जाऊन किती वर्षं झाली. यावर माणूस काय बोलणार? बदकांखाली शर्ट ठेवतो.

आज मेहुणी आली होती. ती वकील. तिला सहज विचारलं की चाकू बाळगण्याबद्दल कायदा नेमका काय. तिने आधी विचारलं, भाऊजी, कुणी बाळगलाय? मी म्हणालो, एक मित्र. ती म्हणाली, मित्राला सांगा, पातं लहान असेल आणि बाळगायला वाजवी कारण असेल तर सहसा कुणी अडवत नाही. पण खटक्याने अडकणारं पातं असेल तर अडचण. आणि सरकारी इमारतीत कसलाच नको. आणि मुख्य म्हणजे, कुणी विचारलं तर कारण एकच सांगायचं. दोन सांगितली की संशय येतो.

एकूण कायदा माझ्या बाजूने आहे.

१२ मार्च, बुधवार
बसमध्ये एका लहान मुलाच्या बुटाच्या नाडीला घट्ट गाठ बसली होती. आई बिचारी नखाने सोडवत होती. प्रसंग! मी चाकू काढला, खट्ट, आणि म्हणालो, मी बघतो.

बसायला जागा मिळाली. अख्खा बाक.

१५ मार्च, शनिवार
मोठी बातमी. बंदर खात्यात स्टोअरकीपरसाठी केलेल्या अर्जाला उत्तर आलं. मुलाखत सत्तावीसला, इथल्याच मुख्य कचेरीत. नोकरी समुद्रकाठच्या गावी. क्वार्टर मिळतं. दोन खोल्या, स्वतंत्र दार.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भांडी आवरत होती. हात पुसले, खुर्चीवर बसली, परत उठली. स्वतंत्र दार? म्हणाली. मग म्हणाली, तिथल्या हॉस्पिटलात जागा आहेत, मी पण अर्ज टाकते. इतक्या वर्षांत मी तिला अशी पाहिली नव्हती. संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना गुणगुणत होती.

मी म्हणालो, नोकरी झाल्यातच जमा समज. अनुभव पाहता मुलाखत हा नुसता उपचार.

१८ मार्च, मंगळवार
सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगणार. मनात वाक्य तयार आहे. 'बाबा, आम्ही निघतोय.' बस, तीन शब्द. आज दुकानात दोनदा म्हणायला गेलो. पहिल्यांदा त्यांनी माप घ्यायला टेप दिला. दुसऱ्यांदा 'बाबा, आम्ही' इथपर्यंत पोचलो. ते म्हणाले, हो, तुम्ही जेवून घ्या.

२२ मार्च, शनिवार
बायकोची फोनवर मुलाखत झाली. तिला घेतलं. रुजू कधी होता, असं विचारलं. नवऱ्याचं नक्की झालं की कळवते, असं तिने सांगितलं. शंभर टक्के नक्की आहे असं सांगायला हवं होतं. हिचा आत्मविश्वास कमी पडतो.

२७ मार्च, गुरुवार, सकाळी
मुलाखत अकराला. इस्त्रीचा शर्ट. निघताना बायको म्हणाली, खिशातला तो चाकू काढून ठेव आणि जा. बाकी काही करू नकोस. एवढंच. मी म्हणालो, बरं. पण चाकू नसला की उजवा खिसा रिकामा लागतो आणि माझी चाल बिघडते. मुलाखतीत पहिली छाप चालीची पडते. शिवाय तो खिशात आहे हे कळणार कुणाला?

२७ मार्च, संध्याकाळी
कचेरीच्या दारात धातू ओळखणारं यंत्र आहे. वाजलं.

जे घडलं ते क्रमाने लिहितो, कारण उद्या लोक काहीही म्हणतील. दारावरचा वॉचमन सभ्य होता. म्हणाला, साहेब, इथे काउंटरवर ठेवा, टोकन घ्या, जाताना परत न्या. साडेदहाच वाजले होते. पाच पावलांवर लिफ्ट.

मी टोकन घेऊ शकलो असतो. पण प्रश्न तत्त्वाचा होता. मी त्याला कायदा समजावून सांगितला. पात्याची लांबी, वाजवी कारण. तो म्हणाला, ते बरोबर असेल, पण इथे चालत नाही. मागे रांग वाढत होती. कुणीतरी म्हणालं, अहो काका, आटपा. मला दिसलं की याचा सगळा गैरसमज लांबीबद्दल आहे. पातं किती लहान आहे हे दाखवण्यासाठी मी ते उघडलं.

खट्ट.

आवाज दगडी हॉलमध्ये फार घुमतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. रांग पांगली. फायली हवेत उडाल्या. वॉचमन ओरडला, खाली टाका! मी म्हणालो, अहो, माप बघा! आणि नीट दिसावं म्हणून हात पुढे केला.

अकरा वाजता मी फरशीवर पालथा होतो. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एक जण जिन्यावरून डोकावून गेले, असं मला वाटतं. त्यांच्यावर माझी नेमकी काय छाप पडली, सांगता येत नाही.

२८ मार्च, शुक्रवार
काल दमल्यामुळे पुढचं लिहायचं राहिलं.

पोलीस चौकीतले साहेब शांत स्वभावाचे. चहा दिला. जबाब घ्यायला बसले. विचारलं, चाकू कशासाठी बाळगता? मी म्हणालो, पार्सल उघडायला. त्यांनी लिहिलं. इथेच थांबायचं होतं. पण ते माझ्याकडे बघत राहिले आणि मला कारण अपुरं वाटायला लागलं. मी म्हणालो, शिवाय फळं कापायला. लिहिलं. शिवाय कुणी गाडीत पट्ट्यात अडकलं तर सोडवायला. साहेबांनी विचारलं, आजवर किती जणांना सोडवलंत? अजून कुणाला नाही, म्हणालो. मग ते म्हणाले, बघा, मोठे माणूस आहात, खरं काय ते सांगा. आवाज इतका मायेचा होता की माझ्या तोंडून निघून गेलं, खरं सांगायचं तर सासऱ्यांमुळे.

साहेबांचं पेन थांबलं.

मी कात्रीचं, सुतळीचं, टेबलाचं सगळं सांगितलं. त्यांनी कागदावर फक्त पहिलं वाक्य घेतलं.

जामिनाला गावात स्वतःचं घर असलेला माणूस हवा होता. मी ज्याला ओळखतो असा घरमालक एकच आहे. ते आले. दुकान अर्ध्यावर बंद करून, गळ्यात टेप तसाच. सही करण्याआधी कायद्याप्रमाणे त्यांना जबाब वाचून दाखवला. 'सदर चाकू मी सासऱ्यांमुळे बाळगतो.' साहेबांनी विचारलं, तुम्ही कोण यांचे? ते म्हणाले, सासरा. आणि सही केली.

टॅक्सीत त्यांनी गळ्यातला टेप काढून गुंडाळला. मग त्यांनी विचारलं, जावईबापू, मी तुमचं काय वाईट केलं हो? ओरडून नाही. खरंच विचारत होते. मी उत्तर शोधत होतो. सापडत होतं, पण सांगण्यासारखं एकही नव्हतं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर ट्रॅफिक होतं.

घरी बायको दारात उभी होती. चाकू नेलास? एवढंच तिने विचारलं. मी चालीबद्दल सांगायला सुरुवात केली. ती आत गेली.

११ एप्रिल, शुक्रवार
आज कोर्ट. मेहुणीने माझी बाजू मांडली. मला बजावलं होतं की भाऊजी, तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. मी बोललो नाही. फक्त न्यायाधीशबाईंनी काही म्हणायचंय का असं विचारलं तेव्हा थोडं बोललो. मेहुणीने डोळे मिटून घेतले.

दंड. चाकू जप्त. वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी. दर सोमवारी चौकीत हजेरी. परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. राहायचं ते जामीनदाराच्या घरी, त्यांच्या देखरेखीखाली.

सासरे उभे राहून म्हणाले, ठेवतो देखरेख.

अर्थात वर्ष म्हणजे काही नाही. बंदर खात्याने ती जागा भरली, पण अशा जागा निघतच असतात.

१५ एप्रिल, मंगळवार
बायकोने सांगितलं की हॉस्पिटलवाले आणखी थांबणार नाहीत. मी म्हणालो, साहजिक आहे, त्यांना कळवून टाक. ती म्हणाली, कळवलं. एक तारखेपासून येते म्हणून.

मला आधी वाटलं, काहीतरी ऐकण्यात चूक झाली. मी म्हणालो, पण मला गाव सोडता येत नाही. ती म्हणाली, तुला येत नाही.

मग ती पलंगावर माझ्याशेजारी बसली. म्हणाली, मी बाबांची मुलगी आहे, मला हे घर जड नव्हतं. तुला इथे मान खाली घालून वावरताना बघणं जड होतं. मी वर्षानुवर्षं वाट बघितली की तू एकदा म्हणशील, चल. या खेपेला म्हणालास. मी मनाने तिथे जाऊन राहिले रे. आता मला परत येता येत नाही.

मी म्हणालो, मी वर्षाने येतो. ये, म्हणाली. चिडून नाही. ते जास्त लागलं.

३० एप्रिल, बुधवार
गेली. सामान फार नव्हतं. स्टेशनवर मी सोबत जाऊ शकलो, कारण स्टेशन गावाच्या हद्दीत येतं. मेहुणीकडून खात्री करून घेतली होती. सासरेही आले. देखरेख.

गाडी सुटताना बायकोने आधी बाबांना नमस्कार केला आणि म्हणाली, यांच्याकडे बघा हं. ते म्हणाले, तू काळजी करू नकोस, ते कुठे जात नाहीत.

४ मे, रविवार, दुपारी
परिस्थितीचा शांतपणे विचार करता सगळं माझ्या फायद्याचं आहे. एकांत मिळतो आहे. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणायची आहेत. व्यायाम सोमवारपासून. म्हणजे मंगळवारपासून, सोमवारी हजेरी असते.

सकाळी बायकोचा फोन आला. हॉस्पिटलने तिला एक खोली दिली आहे. दार स्वतंत्र. समुद्र दिसत नाही पण ऐकू येतो, म्हणाली. तिने फोन खिडकीबाहेर धरला. मला नुसती खरखर ऐकू आली. छान आहे, असं मी सांगितलं.

सासऱ्यांनी एक निर्णय घेतला आहे. देखरेख म्हणजे देखरेख, कोर्टात शब्द दिलाय, म्हणाले. शिवाय एका माणसासाठी वेगळा पंखा कशाला? म्हणून कालपासून माझी गादी त्यांच्या खोलीत. बायकोची खोली मेहुणीच्या ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलीला भाड्याने दिली.

आता सासरे वामकुक्षी घेत आहेत. भिंतीकडे तोंड. हे लिहिताना मी हळूच उठून दारापर्यंत गेलो. कुठे? असं विचारलं त्यांनी, डोळे न उघडता. बाथरूमला, मी म्हणालो.

ते म्हणाले, जा. आतून कडी तेवढी लावू नका.

मी लावली नाही. पण तो निर्णय माझा होता.