आईला जहाज दाखवलं

२ ऑगस्ट
डायव्हिंगच्या बोटीवरून नोकरीचा होकार आला! बाली सोडून फ्लोरेस बेटावर, पूर्ण दोन वर्षं. वीस तारखेला निघायचं. आईला अजून सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडते आणि भात मागून घेते.

३ ऑगस्ट
आजही नाही जमलं.

७ ऑगस्ट
आईला म्हटलं, एकदा पाण्याखाली चल, बुडालेलं जहाज दाखवते. तीस वर्षं ही बाई डोक्यावर चुंबळ ठेवून बुडी मारायला आलेल्या पाहुण्यांच्या हवेच्या टाक्या दगडगोट्यांवरून पाण्यापर्यंत नेते, पण पुढे खाली काय असतं ते तिने बघितलेलं नाही. म्हणाली, "जहाज मला काय दाखवतेस? लढाईतलं ते, आमच्या लहानपणी किनाऱ्यावरच पडलेलं. आम्ही त्यात लपाछपी खेळायचो. आगुंग डोंगर आग ओकत फुटला, जमीन हलली, ते पाण्यात गेलं. गेलं तर गेलं."
मी पाण्याखालची गाईड झाले तेव्हापासून हेच ऐकतेय.

१० ऑगस्ट
जेवताना आपणहून म्हणाली, "कधी नेतेस?" माझ्या घशात माशाचा काटाच अडकायचा राहिला.

१३ ऑगस्ट
उथळ पाण्यात सराव. तोंडात नळी असताना बोलायचं नाही, हे तिला पटतच नाही. वर येते, नळी काढते, मला रागावते, परत घालते.

१६ ऑगस्ट
गेलो!
टाक्या कुणी न्यायच्या ते बायकांच्या नंबराने ठरतं, आणि आज नंबर नेमका आईचा. तिची मैत्रीण केर्ती म्हणाली, "आज तू पाहुणी. दे इकडे." आई कसली देते! "नंबर माझा आहे." अंगात रबरी पोशाख, डोक्यावर आम्हा दोघींच्या टाक्या — चालली तरातरा. गुडघाभर पाण्यात शिरली तरी उतरवेना. केर्ती ओरडली, "अगं बाई, त्या पाठीला लावतात!" सगळ्या जणी हसून बेजार.
खाली माझा हात घट्ट धरलेला. जहाज दिसलं तसा सुटला. प्रवाळ नसलेली जागा शोधून तिने लोखंड थोपटलं, गोठ्यातल्या गाईला थोपटते तसं. मग एका वाकलेल्या पत्र्यामागे गेली आणि हळूच डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघायला लागली. लपाछपी! पंचावन्न वर्षांची बाई! मी चष्म्याच्या काचेच्या आत रडले. फार जीव आहे माझा हिच्यावर. हिला सोडून जाणार कशी?

१८ ऑगस्ट
सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. "माहीत आहे. किनाऱ्यावर बातमी लपते होय? नऊ तारखेलाच केर्ती सांगून गेली. म्हणून तर आले खाली. तिथे मला एक शब्द बोलता आला नाही, तरी तुझं सगळं नीट चाललं होतं. जा."