फ्रिजमधल्या दोन बाटल्या

सोमवार, ४
मुलगी महिन्याची रजा टाकून घरी आली. कारण विचारलं तर म्हणाली, "अशीच." मेंदूच्या प्रयोगशाळेत काम करणारं माणूस अशीच महिनाभर रजा घेतं? लिफ्टा दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, अशीच बंद पडलेली लिफ्ट मी अजून पाहिलेली नाही.

त्यात आजच त्या मोठ्या कंपनीचा माणूस परत येऊन गेला. "साहेब, शून्यातून धंदा उभा केलात. आता दगदग सोडा, आम्ही सांभाळतो." शून्यातून म्हणजे काय, ते याला काय ठाऊक. लिफ्ट बंद पडली की मला बोलावायचे, म्हणजे हत्यारांची पिशवी घेऊन मला जिनेच चढावे लागायचे. मुलगी पाणी घेऊन आली ती तिथेच रेंगाळली. नोंद करून ठेवतो.

मंगळवार, ५
आमच्या हिची स्वयंपाकघरातली गुणगुण हल्ली बंद आहे. एका अर्थी बरं — शेजारच्या खोलीतला फोन स्वच्छ ऐकू येतो. मुलगी भावाला सांगत होती, "दादा, बाबांना इतक्यात काही बोलू नकोस. आधी माझी खात्री होऊ दे."

कसली खात्री? बाप कामातून गेला, याची? भाऊ परगावी, बहीण घरात, खरेदीदार दारात. सगळे सांधे जुळताहेत.

गुरुवार, ७
जेवताना सहज विचारल्यासारखं करून मुलीला बोलतं केलं. प्रयोगशाळेत काय शोधता म्हणून.

"बाबा, मेंदूत नुसत्या निरोप पोचवणाऱ्या पेशी नसतात. त्यांना खाऊपिऊ घालणाऱ्या, त्यांचा केरकचरा काढणाऱ्या, त्यांना सांभाळणाऱ्या पेशीही असतात. पूर्वी लोक त्यांना नुसती भर समजायचे."

"म्हणजे आमचे ग्रीस लावणारे. लिफ्ट वर गेली की नाव मोटरचं."

हसली. "अगदी. पण ताण फार दिवस चालला की या सांभाळणाऱ्याच आखडतात. काही जणी उलट नको तितक्या खवळतात. मग निरोपवाल्यांचे हाल. माणूस खचतो त्यात यांचा वाटा किती, ते आम्ही उंदरांवर बघतो."

"आणि उंदीर खचलाय हे कळतं कसं? येऊन सांगतो?"

"त्याच्यापुढे दोन बाटल्या ठेवतो. एकीत साधं पाणी, एकीत गोड. धडधाकट उंदीर गोडाकडे वळतो. खचलेल्याला गोडाचं काही वाटेनासं होतं."

"उंदीर पुरे आता, जेवण निवतंय," ही म्हणाली. आम्हाला वाढलं, मला भूक नाही म्हणाली आणि आत गेली.

एक गोष्ट खटकली. एवढं सगळं सांगताना मुलीने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बोलत होती. बापाच्या नजरेला नजर देणं जड जात असणार.

शनिवार, ९
सापडलं! फ्रिजमध्ये दोन बाटल्या. दोन्हींत लिंबाचं पाणी. एकीत साखर, दुसरीत नुसतं मीठ. "उकाडा आहे, ज्याला जे हवं ते घ्या," मुलगी म्हणाली. अगदी साळसूद. पण बाटलीच्या मागच्या बाजूला पेनाची बारीक रेघ आहे, पाणी जिथवर आहे तिथे. जिने मला उंदीर ठरवलं तिला चालणं मीच शिकवलं होतं.

डोकं मात्र माझंच घेतलंय. गोड लिंबूपाणी हे हिचं पहिल्यापासूनचं वेड. त्याचा आडोसा घेतला, म्हणजे मला शंका यायला नको. शिवाय माझा चहासुद्धा बिनसाखरेचा, हे घरात सगळ्यांना माहीत. मी गोडाला शिवणार नाही, पाणी रेघेखाली उतरणार नाही, की झाला निकाल — बाबा खचले, धंदा विका.

रविवार, १०
ठरलं. गोड बाटली संपवायची. रोज.

मंगळवार, १२
मुलगी बाहेर गेली की उभ्या उभ्या पितो. काय ते गोड! दात शिवशिवतात. खारटातलंही घोटभर घेतो, नाहीतर संशय यायचा. आज पिताना ही दारात येऊन उभी राहिली. माझी बाटली तोंडालाच. एखादा टोमणा येईल म्हणून थांबलो. पण ही ओट्यावर हात ठेवून थोडा वेळ थांबली आणि जाऊन पडली.

गुरुवार, १४
आज मुद्दाम स्वतः कामावर गेलो. खालच्या मजल्यावर उभा राहून नुसतं ऐकलं आणि इमारतीच्या मॅनेजरला म्हटलं, "मोटरला हात लावू नका, तिसऱ्यावरच्या दाराचा रोलर झिजलाय." उघडून बघतात तो तेच. मॅनेजर म्हणाला, "साहेब, तुमच्या कानांचा विमा उतरवा." खचलेल्या माणसाचे कान असे असतात?

घरी येऊन हिला सांगितलं. "बरं," म्हणाली. पूर्वी कोण, कुठे, मग काय झालं, सगळं खोदून विचारायची. आता निम्म्या वेळात आटपतं.

शनिवार, १६
मुलगी खुशीत. रिकामी बाटली उजेडात धरून हसली. डाव उलटला! कंपनीच्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

सोमवार, १८
मुलगी फोनवर होती. "आई सावरतेय रे दादा. माणसाचं असं बाटलीवर ठरत नाही, माहितीये मला. पण ती काही बोलत नव्हती, डॉक्टरचं नाव काढलं की उठून जायची. म्हटलं, आवडीचं तरी घेते का बघू. गोड रोज संपतंय. छे, बाबा कसले पितात, चहात साखर चालत नाही त्यांना. डॉक्टरांची वेळ रद्द केली मी."

जाऊन तिला सांगितलं, बाटली मी संपवत होतो. का, तेही सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "म्हणजे आईने घोटसुद्धा घेतला नाही," एवढंच म्हणाली आणि दवाखान्याचा नंबर लावला.

ही आत भांडी विसळत होती. तिला विचारलं, मी पीत होतो ते तुला दिसत होतं, मग बोलली का नाहीस?

"तुम्हाला आवडायला लागलंय असं वाटलं," म्हणाली. "म्हटलं, कुणाला तरी आवडतंय."

उद्या सकाळची वेळ मिळाली. हिला म्हटलं, मी बरोबर येतो. "बरं," म्हणाली.

डॉक्टर विचारतील, कधीपासून. लिफ्टचं असतं तर सांगितलं असतं.