काठी किल्ल्यावर राहिली

अहो, नमस्कार बसल्या जागीच घ्या. नाहीतरी उठणार थोडेच.

मी ठणठणीत आहे. काल लेक, जावई आणि नातीबरोबर डोंगरावरचा किल्ला चढले. तुमची काठी मीच आणलीय, घरभर शोधू नका. जावईबापू म्हणाले, "आई, तुम्ही खालीच बसा." म्हटलं, "बसायला घरी माणूस ठेवलाय." निम्म्या वाटेत त्यांनाच धाप लागली, म्हणून काठी त्यांना दिली. वर पडका बुरूज आणि भन्नाट वारा. काठी ते तिथेच विसरून आले.

तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले. डॉक्टरांनी काठी सोडायला सांगितलीय. फाटकापर्यंत तरी जाता का?

उत्तर कोपऱ्यावरच्या टपालपेटीत स्वतः टाका. शेजारीण खिडकीतून बघून मला कळवणार आहे.

तुमचीच,
वर जाऊन परत आलेली बायको